जांभळा काठ

निनाद माझ्या टेबलाशी आला तेव्हा घामेजला होता.
आठपट दुर्बिणीचं मॉडेल, पहिल्यांदाच किरण सोडलेले,
आणि ठिपक्याची त्रिज्या आली
एकतीस लाख मिलिमीटर.
म्हणजे आपल्या शेडपासून, पर्वतीच्या पायथ्यापासून
पार शनिवारवाड्यापर्यंत पसरलेला
एक ठिपका.

घाबरू नकोस, म्हटलं. चूक तुझी नाही,
प्रश्नाची आहे. तू विचारलंस, प्रतिमा कुठं पडते?
ती पडतच नाही.
समांतर शिरतात किरण, समांतर निघतात,
टेकत नाहीत कुठंच.
पान वाढून तयार आहे,
जेवणारा यायचाय.

तेव्हा लांबी सोड, कोन मोज.
अंशाचा साठावा भाग, पंचांगात त्याला कला म्हणतात.
धडधाकट डोळ्याची धाव तेवढीच, एक कला;
त्याहून बारीक दोष पोटात घालायचे.
नाहीतर शेवटी एक परिपूर्ण भिंग ठेव:
ना जाडी, ना काच, ना रंगाची खोड,
एक ओळ टंकली की हजर.
असलं भिंग अख्ख्या भोसरीत कुणी घासलेलं नाही.

ठेवलं. मधोमध ठिपका अर्ध्या कलेचा,
कडेला मात्र जांभळा निसटत होता
अडीच कला.

पहिला नग शिकलगार चाचांनी गच्चीवर नेला.
एकोणचाळीस वर्षं काच घासून
बोटांचे ठसे आधार केंद्रावरही न उमटणारे.
सिंहगडावरच्या मनोऱ्याला दुर्बीण लावून
बराच वेळ गप्प.
मग म्हणाले, "पाणी आहे, नुसतं पाणी. कुठाय तुझा जांभळा?"
कडेला बघा, चाचा.
"कडेलाच बघतोय."
ओकसाहेबांनी आकड्यापेक्षा चाचांवर विश्वास ठेवला.
खरं सांगायचं तर मीही.
चाळीस नग गेले.

श्रावणात चाचांच्या उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला.
अकराव्या दिवशी, काळा चष्मा खिशात घालून,
कुणी बोलावलं नसताना शेडवर आले,
कपाटातला पहिला नग घेतला, गच्ची चढले.
उतरले ते माझ्यावर चिडूनच.
"मनोऱ्याला काठ आहे. इरकलीला असतो तसा, जांभळा.
बोलली का नाहीस?"

बोलले होते, चाचा.

ते स्टुलावर बसले. एकदा डावा डोळा झाकला, एकदा उजवा,
वर ट्यूबलाइटकडे बघत.
"यानं पांढरी दिसते," म्हणाले,
"आणि यानं चहा सांडल्यासारखी."
मग कुणाकडेच न बघता,
"कधीपासून असेल गं?"

सगळे गेल्यावर मी मॉडेल उघडलं.
परिपूर्ण भिंगापुढे एक पिवळट काच ठेवली,
सदुसष्ट वर्षांची.
जांभळ्याचं वजन शून्य केलं, निळ्याचं निम्मं,
आणि किरण सोडले.
कडेचा ठिपका अंग चोरून बसला.
पाऊण कला.
चाचांनी खोटं काहीच सांगितलं नव्हतं.

फाइलला नाव हवं होतं.
"शिकलगार, उजवा, आधी" असं लिहिलं.
उद्या चाळीस गिऱ्हाइकांना पत्रं लिहायची आहेत,
पहिलं वाक्य अजून सुचत नाही.
डाव्या डोळ्याची तारीख दिवाळीनंतरची.