इतर

रात्रभर संगणकाने नवलखा चौकाचे
एकशे दहा सेकंद सोलले, उलटेसुलटे लावून पाहिले.
सकाळी पडद्यावर उत्तर:
आडव्या रस्त्याचा हिरवा बावीसचा सतरा करा,
शहराचे रोज एकोणचाळीस तास वाचतील.
रेगे साहेब म्हणाले, झकास. लावून टाक.

मी चित्रण पुन्हा पाहिलं. सवय, दुसरं काय.
दुचाकी, मोटार, बस, प्रत्येकीभोवती रंगीत चौकट.
आणि संध्याकाळी सहा चाळीसला
राखाडी चौकटीत ‘इतर’:
गेंदालालची गराडूची गाडी.
कढई तेलाने गळ्यापर्यंत भरलेली,
म्हणून तो ढकलत नाही तिला,
झोपलेलं पोर खांद्यावरून न्यावं तसा
खड्डे चुकवत नेतो.
घड्याळ लावलं. एकवीस.
दुसऱ्या दिवशी एकवीस. तिसऱ्या दिवशी साडेवीस,
तेल कमी असावं.

‘इतर’च्या रकान्यात वजन होतं शून्य.
ते शून्य मीच भरलेलं, मार्चमध्ये,
जेवायच्या घाईत.

किमान हिरवा: बावीस. एंटर.
यंत्र चार मिनिटं कण्हलं, मग म्हणालं
एकोणचाळीस नव्हे, सव्वीस.
आणि तेरा तास कुठे गेले? साहेबांनी विचारलं.
मी म्हटलं, इतर.

काल तिथेच मला लाल लागला.
मागचा हॉर्नवर हात ठेवूनच बसलेला,
चलो भिया, चलो!
समोरून कढई चालली होती.
तेलावर आमचा लाल दिवा
हलत, डुलत पलीकडे गेला,
सांडला नाही.