सोळा पिसं

लुब्लिनच्या विमानतळावर काचेमागच्या माणसानं
पासपोर्ट उलटसुलट करून पाहिला.
फेरो? हा देश आहे का?
हेर्गेर म्हणाला, अठरा बेटं आहेत. तुम्हीच ठरवा.

आम्ही आठ जण.
रन्नवाची शाळा अजून संपायचीय.
तोर्लाकूर फेरीबोटीचं इंजिन सांभाळतो,
बेर्गतोरा दातांची डॉक्टर,
तिचे पेशंट सध्या कळ सोसून आहेत.
मी कारखान्यात सामन माशाचे काटे काढते,
वय एक्केचाळीस,
डावा गुडघा माझ्याहून दहा वर्षांनी मोठा.

आमच्याकडे हा खेळ बाहेर कुणी खेळत नाही.
लहानपणी एकदा दारातच रॅकेट फिरवली,
फूल गेलं ते गेलंच;
तिसऱ्या दिवशी शेजारच्या योकुपला
मेंढीच्या लोकरीत अडकलेलं सापडलं.
झाड म्हणाल तर वारा मूळ धरू देत नाही.
हिवाळाभर आम्हाला दिसतं ते एवढंच फूल:
हंसाच्या एकाच पंखाची सोळा पिसं
बुचात खोवलेली.
एक फूल आम्ही चार संध्याकाळी पुरवतो,
किटलीच्या वाफेवर धरतो,
आजारी माणसाचं तोंड धरावं तसं.

मंगळवारी आणि शुक्रवारी, शाळेच्या हॉलमध्ये,
हँडबॉलवाले घामेजून निघून गेले की आमची पाळी.
छत इतकं बुटकं
की उंच मारलेलं फूल तुळईला आपटून
आपल्याच पायाशी पडतं.
म्हणून आम्ही सगळे सपाट मारतो.
लुब्लिनमध्ये एक बाई वहीत टिपून घेत होती,
विचारलं, ही तुमची खास शैली का?
शैली कसली बाई,
छत.

पहिल्या दिवशी पाच-शून्य.
दुसऱ्या दिवशी पाच-शून्य.
त्यांच्याकडे आमचा झेंडा नव्हता,
हेर्गेरनं पिशवीतला काढून दिला,
घरून आणलेल्या वाळवलेल्या मटणाचा वास लागलेला.
त्याच्याखालून चालताना
मला एकदम भूक लागली.

तिसऱ्या दिवशी समोर असा देश
की त्याच्या एखाद्या उपनगरात आम्ही सगळे मावू,
मेंढ्यांसकट.
रन्नवासमोरच्या मुलीचं फूल दोनदा रेषेबाहेर गेलं.
तिनं पंचांकडे पाहून हात हलवला:
हवा आहे. वरच्या जाळीतून हवा येतेय.

रन्नवानं मान वळवून माझ्याकडे पाहिलं.
ही?
हिला हवा म्हणतात?

तिचे वडील धक्क्यावर होड्या बांधून घेतात.
दोर ते होडीकडे फेकतच नाहीत,
भलतीकडेच फेकतात, रिकाम्या पाण्यावर,
आणि वारा तो आणून होडीत ठेवतो.
तशी खेळली पोरगी.
रेषेच्या बाहेर मारायची
आणि फूल वळून आत येऊन बसायचं,
सांगितलेल्या वेळेला घरी आल्यासारखं.
एकवीस-सतरा.

तीन हजार खुर्च्यांच्या त्या हॉलमध्ये
आम्ही सात जण ओरडलो.
तोर्लाकूर तर फेरीबोटीच्या भोंग्यासारखा.

मग कुणीतरी कुठेतरी एक बटण दाबलं.
जाळीची घरघर थांबली.
इतकी शांत हवा आम्ही कधी पाहिली नव्हती,
मेणबत्ती लावली असती तर सरळ जळाली असती.
एकवीस-नऊ.
एकवीस-सहा.
त्या मुलीनं हात मिळवला, चांगला, घट्ट.
बटणाबद्दल कुणी काही बोललं नाही.

परतीच्या बोटीत रन्नवा बाहेर कठड्याशी उभी राहिली,
जाकिटाची चेन गळ्यापर्यंत ओढलेली,
आत छातीशी ते पहिल्या गेमचं फूल,
तीन पिसं मोडलेलं.
मी म्हटलं, आत ये, गारठशील.
ती म्हणाली, थांब जरा,
बरं वाटतंय.

रेडिओवर आमचा निकाल मासळीच्या भावानंतर लागला.
रन्नवा, पहिला गेम, एकवीस-सतरा,
असं म्हणून निवेदक थांबला
आणि हवामानाकडे वळला.
पुढचे आकडे त्यानं वाचलेच नाहीत.
सोमवारी तो बेर्गतोराच्या खुर्चीत आ वासून बसला होता,
दाढेवर गाल सुजलेला.
तिनं विचारलं तेव्हा म्हणाला,
दुखत होतं हो,
तेवढंच बोलवलं.