वीतभर तार

नौपाड्यात, गोखले रोडच्या मागच्या गल्लीत
मी कवळ्या बनवतो.
दिवसभर हातात लोकांचे जबडे,
प्लास्टरचे, पांढरे, तक्रार न करणारे.
त्यामुळे शिवडा तोंड उघडून समोर आला
तेव्हा मी आधी दात पाहिले,
मासा नंतर.

आला म्हणजे, आलाच नाही खरं तर.
टिटवाळ्याच्या वरच्या अंगाला काळू नदीचा डोह,
नोव्हेंबर, पाणी निवळत आलेलं.
पाव मिलिमीटरचा नायलॉन मी थेट गळाला बांधलेला.
काठाशी येऊन तो वळला,
एकदाच मान हलवली त्यानं
आणि माझ्या मनगटात जे हलकेपण शिरलं
ते अजून निघालेलं नाही.

तुटलं टोक खिशात घालून आणलं,
सोमवारी भिंगाखाली धरलं.
कापलेलं नव्हतं.
खरवडलेलं होतं, कुसळं निघालेली,
दोन वर्षं वापरलेल्या ब्रशासारखी.
सुळे नाहीत शिवड्याला. बारीक दातांच्या रांगा,
रांगेमागे रांग, आत वळलेल्या,
म्हणजे कानस. माझ्याकडे आहे तशीच,
फक्त ओली.

चेंदणीत पोसू नाखवांचं दुकान.
त्यांनी टोक बोटांत फिरवलं, चष्मा न लावता.
"नायलॉन तानतो, म्हनून माफ करतो.
तू हिसका मारलास तरी तुजी चूक पोटात घालतो.
ह्यो इनलेला दोरा बघ, तानच नाय याला.
माशानं नुसता इचार केला तरी बोटाला कलतं.
पन दाताम्होरं म्हंजे गवताची पात.
मेन दोरा ह्यो घे. शेवटाला दुसरं काय तरी लाव."
मग खणातून फ्लुरोकार्बनचं रीळ काढलं, फुंकर मारली.
"पान्यात दिसत नाय.
बिलात दिसतंय."

शेवटी तार काढली, पिवळट, वेटोळी.
"मरलीसाठी हीच. तिला सुले हायत, ती कापते.
पन एकदा मुरगललास का फेकून द्यायची."
मी काही बोललो नाही.
तीस वर्षं तार वाकवतोय,
दोन खऱ्या दातांना धरून तिसरा खोटा उभा राहील
इतपत.
जिथं एकदा वाकली तिथंच ती पुढं कधीतरी तुटते,
हे मला गिऱ्हाइकांनी शिकवलंय,
रात्री अकराला फोन करून.

रात्री झोप लागेना.
डोहाच्या तळाशी एका जबड्यात माझा गळ,
दीड वीत दोऱ्यासकट.
मी ज्यांच्या तोंडात तार बसवतो
ते निदान पैसे देऊन आरशात बघून जातात.

दुकानातलीच तार घेतली, शून्य पूर्णांक नऊची,
वीतभर तोडली, दोन्ही टोकांना फासे वळले,
जिभेला टोचलं तर कळतं म्हणून
टोकं घासून गोल केली. सवय.
शिवड्यासाठी वेगळं केलं,
साठ नंबरचा जाड नायलॉन, हातभर.
कानशीपुढं धार नको, जाडी हवी,
आणि दर माशानंतर बोट फिरवून बघायचं,
खरखरलं की तेवढा तुकडा तोडायचा,
हळहळायचं नाही.

डोहावर लाडक्या मुकणे आधीच बसलेला.
त्याच्या गळाला सायकलच्या ब्रेकची तार,
उसवून एकच पदर, चिमटीत पीळ दिलेला.
माझं सगळं सामान त्यानं नीट बघितलं.
"सायकल कुणाची?" मी विचारलं.
"होती," तो म्हणाला.

दुपार कलताना माझी दोरी जड झाली.
या वेळी मान हलवली त्यानं चारदा, पाचदा.
नायलॉन पांढरा पडला, पण धरून राहिला.
ओढून वाळूवर घेतला, जबडा उघडला,
तर आत एक गळ आधीच, गंजून काळा,
भोवती मांस सुजून कडक झालेलं.
माझा नव्हता. माझी गाठ मी ओळखतो.
खिशातून पक्कड काढली,
अंगठ्यानं ओठ मागं धरला,
हळूच फिरवत काढला, रक्त न येता.

लाडक्या विळा घेऊन उभा.
"आता रस्सा व्हायचाय त्याचा,
दात कशाला नीट करतोस?"