भोक

सयाजीगंजात, दुसऱ्या मजल्यावर
शिर्केबाई ड्रिल लावतात
जुन्या हार्ड डिस्कना, एकेक करून.

करार मार्चमध्येच संपला.
दवाखान्याने पुन्हा विचारलंही नाही.
नऊ हजार रुग्ण,
कुणाचा गर्भ, कुणाची साखर,
आमच्याकडे नुसती पडून,
आणि सुरतेचा एक दलाल
बरा भाव देत होता.

"आपलं नाही ते,"
एवढंच म्हणाल्या बाई.
धातूचा चुरा सेव-उसळीच्या कागदावर गोळा केला.

भंगार न्यायला इस्माइलभाई आले.
एका भोकाला डोळा लावून
खिडकीकडे धरलं त्यांनी:
विश्वामित्री. काठावर ऊन खात पडलेली मगर.

"आतलं काही दिसत नाही ना?"
बाईंनी दोनदा विचारलं.

पगार या महिन्यात बारा तारखेला झाला.
तोवर उसळ मी उधारीवर आणली.