एकास पंचवीस

चाळीस वर्षं मी लोकांच्या गाड्यांचे पोचे काढले.
यॉर्कटनमध्ये, धान्याच्या कोठारांमागच्या गॅरेजात.
हरणं, खांब, गारा, मेव्हण्याची दारू.
पत्र्यावरून बोट फिरवलं की कळायचं
कोण कुठून आलं होतं.

आता गुडघे गेले. तळघरात बसतो,
एकास पंचवीस मापाचे ट्रक बांधतो.
लोक फोटो पाठवतात,
मी त्यांचा ट्रक त्यांना तळहातावर परत देतो.
बाहेर उणे बत्तीस. आत दिवा, थिनरचा वास,
रेडिओवर हॉकी, आवाज बारीक.

जानेवारीत विल्मा फ्रीसनबाईंचं पत्र आलं, पेन्सिलीनं लिहिलेलं.
फोटो एकच, तोही धुरकट:
छप्पन सालचा पिकअप, आकाशी,
डावं दार मात्र हिरवं, दुसऱ्याच कुठल्या ट्रकचं,
मागच्या हौद्याला नवऱ्यानं ठोकलेल्या फळ्या.
खाली एक ओळ:
'मिस्टर पालिचुक, डाव्या दाराला पोचा हवाच. मुठीएवढा.'

मूठ भागिले पंचवीस.
म्हणजे मसुरीचा एक दाणा.

फळ्या सोप्या. कॉफी ढवळायच्या काड्या चिरल्या,
चहात बुडवून म्हाताऱ्या केल्या.
आकाशी तीनदा कालवला:
पहिला फार आनंदी, दुसरा दवाखान्याचा,
तिसऱ्यात काळ्याचा एक थेंब टाकला
तेव्हा कुठे तो उन्हापावसात उभा राहिलेला वाटला.
प्रायमर, घासकाम, पुन्हा प्रायमर.
एअरब्रश चालता ठेवायचा,
जरा थबकलात की ओघळ.

पण पोचा येईना.
किटमध्ये दार वेगळं नसतं, अंगाबरोबरच ओतलेलं.
मी ते पात्यानं कापून काढलं, चमचा तापवून दाबलं.
वितळलं.
जुन्या किटमधलं दुसरं घेतलं. त्याचा पोचा इतका सुबक
की बघताक्षणी खोटा.
तिसऱ्याला बरा जमला होता,
आणि मी रेडिओ ऐकता ऐकता
त्यात लांबी भरून, घासून, सपाट करून मोकळा झालो.
हात माझेच. कुणाला बोलणार?

शेवटी फोन केला.
'बाहेरून बसला होता की आतून?'
तिकडे बराच वेळ नुसती किटली वाजत राहिली.
मग: 'आतून. टाच होती.
माझी.'
आणि ती हवामानाचं बोलू लागली.
मीही बोललो, मार्चपर्यंत हे असंच म्हणून.

आतून आलेल्याला आमच्या धंद्यात
पोचा म्हणतच नाहीत.

स्वयंपाकघरातून मसूर आणली.
आमच्याकडे ती मैलोगणती पिकते,
एकच दाणा असा दिव्याखाली
मी कधी धरला नव्हता.
चौथं दार गरम पाण्यातून काढलं,
दाणा आतल्या बाजूला ठेवला, अंगठा टेकवला.
एकदाच. जोर न मोजता.
बाहेर उंचवटा उठला.
हिरवा चढवला तेव्हा उजेड
तिथे येऊन जरासा अडखळायला लागला.

आता गोंद लावून दार बसवायचं, की काम संपलं.
ट्यूबचं टोपण काढलं.
पुन्हा लावलं.
दोन टाचण्या तोडून बिजागऱ्या केल्या,
त्यात एक आठवडा गेला, डोळ्यांतून पाणी आलं
(थिनरमुळे),
आणि बिलात ते लावलं नाही.

मार्चमध्ये पार्सलाची पोच आली, पोस्टकार्डावर.
पैसे वेगळे पाठवलेत. फळ्या छान.
आकाशी किंचित गडद, पण चालेल.
सगळ्यात खाली:
'दार उघडतं.'
त्यापुढचा पूर्णविराम तिनं इतका दाबून दिला होता
की कार्ड उलटं केलं
तर बोटाला लागत होता.