मापाची वही

करडईच्या काट्यांत बाही फाडून घेऊन
ती पहिल्यांदा दुकानात आली तेव्हा मार्च होता.
वसमत रोडला आमचं दुकान, एक शटर, दोन मशीन.
विद्यापीठाची पोरं यायची पँटी आखूड करायला.
ही पोर इराणची. करडईवर अभ्यास.
हिंदी अशी बोलायची
जशी उसनी आणलेली, संध्याकाळी परत द्यायचीय.

फारसी का तुमची? मी विचारलं,
जसं काही मला फारसीतलं कळतं.
शाळेत फारसी, म्हणली. घरी तुर्की.
कागदावर आझेरी लिहितात.
गाव डोंगरात, गव्हाचं, अक्रोडाचं.
चार महिने बर्फ, आठ महिने बर्फाच्या गोष्टी.
गावाचं नाव तिनं तीनदा सांगितलं,
माझ्या जिभेवरून तीनदा घसरलं.
तिचं नाव सोल्माज. म्हणजे न कोमेजणारी.
मी म्हणलं, परभणीचा मे येऊ दे, मग बघू.

टेबलावरची कैची उचलून म्हणली, "गायची."
कुणाच्या गायची? मी म्हणलं,
आणि मशीनवरचा सुदाम इतका हसला
की शिवण वाकडी गेली.
तिच्याकडं कैचीलाच गायची म्हणतात.
मग चमचा सापडला, त्यांचा जरा मोठा, पळीएवढा.
मग बोचकं.
एकेक शब्द ती उलटा करून बघायची,
आपलं भांडं शेजारणीच्या मांडणीवर दिसावं
आणि तळाला नाव कोरलंय का बघावं, तशी.

वही कशी निघाली आठवत नाही.
अस्तर शोधताना असेल.
दादा निजामाच्या शाळेत चौथीपर्यंत,
अक्षर आलं ते उर्दूच.
राज्य गेलं, अक्षर राहिलं.
मराठी मापं त्याच अक्षरात लिहायचे
उजवीकडून डावीकडं.
ते गेल्यावर बारा वर्षं
त्या वहीत आम्ही सुया टोचत होतो.

सोल्माजनं सुया काढल्या आणि वाचायला लागली.
अक्षरं तिच्या ओळखीची, शब्द नाहीत.
छातीची चहाती व्हायची.
ट आणि ड आले की ठेचकाळायची,
तिच्या वाटेवर ते दगड कधी नव्हते.
"तहसीलचे कारकून. कोट. उजवा खांदा खाली. सांगू नये."
तिला वाचता येत होतं, कळत नव्हतं.
मला कळत होतं, वाचता येत नव्हतं.
मधे काउंटरची फळी.

आईला पत्र लिहिते, तिनं एकदा सांगितलं,
ते फारसीत. आईला फारसी येत नाही.
शेजारचे मास्तर तिला आमच्या बोलीत सांगतात.
बोली आहे, लिहायला कुणी शिकवली नाही.
बोलता बोलता तिनं पान उलटलं.

त्या पानावर मापं नव्हती.
"धाक टीनं आज काज केलं. माझ्या पिक्शा बरं."

तो दिवस मला आठवतो.
निळं पॉपलिन. ते काज त्यांनी
सगळ्यांसमोर उसवायला लावलं होतं.

परत वाच, मी म्हणलं.
तिनं वाचलं, तसंच, अडखळत.
काय लिहिलंय? विचारलं.
बटनाचं आहे, मी म्हणलं.

मे बघून ती गेली. कोमेजली नाही,
रापली थोडी. जाताना बोचकं म्हणून हसली.

सत्तावीस पानं राहिलीत.
आमच्या गल्लीतच उर्दू शाळा आहे,
वाचणारे दहा जण निघतील, खडाखडा.
पण त्यांना कळेल.