खिशाच्या आतलं कापड

कंपनीचा निरोप आला: गाडी जड झालीय.
पंचाऐंशी हजार त्रिकोण आहेत, अठरा हजारांत बसव.
सोमवारपर्यंत.

जड म्हणजे काय, हे नानांना सांगताना घाम फुटतो.
तसा तो फुटतोच, मे महिना आहे,
पत्र्याखाली पंखा गरम हवा ढवळत बसलाय
आणि पाचव्या दिवशी यायचं पाणी
आज सहावा दिवस तरी आलेलं नाही.
"चाकाला रबर नाही, बॉनेटखाली इंजिन नाही,
मग वजन कशाचं गं?"
मी म्हणते, दिसण्याचं.

नाना अशोक चौकामागं युनिफॉर्मच्या कारखान्यात
एकतीस वर्षं कटिंग मास्टर.
शाळांचे, दवाखान्यांचे, पेट्रोल पंपावरच्या पोरांचे कपडे.
एका थानात किती बाह्या, किती कॉलर
ते खडू न उचलता सांगतात.

म्हणून मी गाडी शिवणीशिवणीतून उसवली,
दारं, छप्पर, डिकी, चार मडगार्ड
स्क्रीनवरच्या चौकोनात सपाट पसरली,
तेव्हा ते पहिल्यांदा खुर्ची ओढून बसले.
"इथं कापड वाया चाललंय.
हा तुकडा फिरव, त्याच्या पोटात हा बसतो."
बसला.
"डावं-उजवं सारखंच ना? मग घडी घालून एकदाच काप."
मी म्हटलं, मग उजव्या दारावर सत्तावीस उलटा उमटतो.
"खिसा कधी दोन्हीकडं असतो का?
तो वेगळा काप, वरून लाव."

हे मी कोर्समध्ये शिकले होते, पासष्ट हजार भरून.
नानांना सांगितलं नाही.

रात्री काढत गेले.
बोल्ट काढले, त्यांची सावली ठेवली.
गाडीचं पोट काढलं, उलटली तरच दिसलं असतं
आणि आमच्या खेळात गाडी उलटत नाही.
दूरच्या गाडीला सहाशे त्रिकोण,
त्याहून दूरच्या गाडीला साठ,
मग नुसता एक लाल ठिपका, तोही पळताना.
गच्चीवरून जुन्या मिलचं धुराडं असंच दिसतं,
दोन त्रिकोणांत मावेल एवढं.
विटा मोजाव्यात इतकं जवळ
आता कोण जातंय.

टेस्टिंगला गुंडेट्यांच्या प्रवलिकाचा फोन,
काच तडकलेली, मेमरी भिकेला लागलेली.
तिसऱ्या वळणावर चित्र अडखळलं.
"फोन हाय का तवा बे?" ती म्हणाली
आणि ओल्या टॉवेलवर ठेवला.
मी मनात म्हटलं, मेमध्ये आमच्या पत्र्याखाली जी धावेल
ती कुठंही धावेल.

अजून दोनशे त्रिकोण जास्त होते.
ड्रायव्हरच्या सीटमागं मी एक खिसा केला होता,
सुरकुत्यांसकट, तोंड जरा उघडं.
कुणी सांगितलं नव्हतं.
"हा काढ," मीच मोठ्यानं म्हणाले,
"कुणी बघत नाही."

नाना जरा वेळ गप्प.
"खिशाच्या आत आम्ही पण हलकं कापड लावतो.
कुणी बघत नाही, बरोबर आहे."
मग स्वतःच्या शर्टाच्या खिशात बोटं घालून
विडी चाचपली, बाहेर काढली नाही.
"हात मात्र जातो."

इथं हात जात नाही, नाना.
"बरं," म्हणाले, आणि झोपायला गेले.

खिसा काढला.
सतरा हजार नऊशे अठ्ठ्याऐंशी.
बारा उरले.
बारा त्रिकोणांत सुरकुती येत नाही,
तोंड उघडं राहत नाही,
एक चपटी पट्टी येते, तीन बाजूंनी शिवलेली.
तिला नानांच्या शर्टाचा चौकडा लावला,
दोरीवरच फोटो काढलेला,
आठ बाय आठ पिक्सेल, निळा म्हटलं तर निळा.

फाइल जात होती, सत्तर टक्के,
तेवढ्यात तीन दहाला नळ खाकरला.
नाना अंधारात घागर शोधत उठले,
मीही पळाले.
वर खोलीत गाडी तशीच
वळणावर.